सोनेरी अरोवानाचा संकर: बातू पाहातच्या तळ्यांवरून

अरोवानाची जोडी माणसाला लावता येत नाही. गप्पी, मॉली यांच्या बाबतीत नर-मादी एका टाकीत सोडली की निम्मं काम झालेलं असतं. अरोवाना स्वतःचा जोडीदार स्वतः निवडतो, आणि नको असलेल्याबरोबर कोंडला तर त्याला चावून फाडून ठेवतो. त्यामुळे या माशाचा वाण घडवायचा तर माणसाच्या हाती एकच गोष्ट राहते: कुठल्या तळ्यात कोणाला सोडायचं आणि कोणाला अजिबात सोडायचं नाही. मलेशियातल्या जोहोर राज्यात, बातू पाहातजवळच्या एका फार्मवर मी गेली काही वर्षं हेच काम करतो. क्रॉसबॅक गोल्ड आणि रेड टेल गोल्ड या दोन वाणांचा संकर आम्ही केला, त्याची पहिली पिढी वयात आली, दुसरी तिच्या मागोमाग आली. ती सगळी हकिगत इथे लिहितो आहे.

आधी मासा कोणता ते सांगायला हवं, कारण मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला जो चंदेरी अरोवाना मिळतो तो हा नाही. तो दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. आमचा आशियाई अरोवाना, शास्त्रीय नाव स्क्लेरोपेजेस फॉर्मोसस. इथले मलय लोक त्याला केलिसा म्हणतात. चिनी लोकांसाठी तो ड्रॅगन मासा: मोठे चमकते खवले, खालच्या ओठावर पुढे आलेल्या दोन मिशा, संथ डौलदार चाल. घरात असला की भरभराट होते अशी त्यांची श्रद्धा, आणि माशाची किंमत या श्रद्धेवर उभी आहे. याच किमतीपायी नद्या रिकाम्या झाल्या. धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर साइटिस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे; १९७५ पासून हा मासा त्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे जंगलातून पकडलेल्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. नोंदणी झालेल्या फार्मवर, बंदिस्त पैदाशीची निदान दुसरी पिढी असलेला मासाच देशाबाहेर विकता येतो.

वाण नदीप्रमाणे बदलतात. लाल वाण बोर्निओतल्या कापुआस नदीचा आणि तिच्या वरच्या अंगाला असलेल्या सेंतारुम सरोवरांचा. रेड टेल गोल्ड सुमात्राचा. क्रॉसबॅक मलय द्वीपकल्पातला, आणि त्यातही नाव घेतलं जातं ते पेराक राज्यातल्या बुकित मेराहचं. भातशेतीच्या पाण्यासाठी १९०६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण मलेशियातलं सर्वांत जुनं. हिरवा वाण पुष्कळ ठिकाणी सापडतो, त्याला भाव कमी. २००३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी या वाणांच्या चार वेगवेगळ्या प्रजाती कराव्यात असं मांडलं होतं, पण बहुतेक अभ्यासक आजही ही एकच प्रजाती मानतात. तळ्यावरचा अनुभवही तसाच आहे. हे वाण एकमेकांशी सहज जुळतात आणि त्यांची संकरित पिल्लं पुढे स्वतःही पिल्लं देतात.

मी मूळचा रत्नागिरीचा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो. तिथे प्रजनन म्हणजे रोहू, कटला, मृगळ. इंजेक्शन दिलं की रात्रीत लाखांनी अंडी, सकाळी हापा, म्हणजे पाण्यात टांगलेली कापडी जाळी, भरलेला. इथे आल्यावर पहिल्यांदा नराच्या तोंडातून पिल्लं काढली तेव्हा घरी फोन करून आकडा सांगितला. बाबांची सगळी हयात मिरकरवाड्याच्या बंदरात गेली. ते म्हणाले, "पन्नासच? नि तेवढ्यासाठी एवढी माणसं ठेवलीत?" त्यांना मी सांगितलं की मादीला एकच अंडाशय असतं, अंडं दीड सेंटीमीटरच्या आसपास असतं, आणि ती एका वेळी तीस-चाळीस ते फार तर शंभरापर्यंत अंडी घालते. अरोवानाचं सगळं अर्थशास्त्र आणि सगळं अनुवंशशास्त्र या लहान आकड्याभोवती फिरतं. रोहूच्या एका घाण्यातून हजारो बोटुकली निवडून बाजूला काढता येतात. इथे पन्नासांतून दोन निवडायची असतात, आणि निवड चुकली की नाही ते चार वर्षांनी कळतं.

संकर का करायचा, यावर आमच्या टोकेचं उत्तर सरळ होतं. टोके म्हणजे मालक, इथे सगळे असंच म्हणतात. क्रॉसबॅकच्या अंगावरचं सोनं पोटाकडून चढत चढत पाठ ओलांडतं. खवल्यांच्या ओळी पोटाकडून मोजतात, आणि क्रॉसबॅकमध्ये सोनं पाचवी, सहावी ओळ घेऊन पाठीवर दोन्हीकडून भेटतं. नावही त्यावरूनच पडलं. रेड टेल गोल्डचं सोनं चौथ्या ओळीशी थांबतं, वर पाठ काळपट हिरवी राहते, पण खालचे पर आणि शेपटीचा खालचा भाग छान तांबडा असतो. आमच्याकडचे रेड टेल वाढायला भराभर आणि तब्येतीने दणकट होते, क्रॉसबॅक नाजूक आणि पिल्लांना कंजूष. सोनं पाचवीच्या वर न्यायचं आणि अंगकाठी रेड टेलची ठेवायची, हा हेतू. असे मासे बाजारात हायबॅक नावाने आधीपासून होतेच. आम्हाला मात्र ते स्वतः, आई-बाप ठाऊक असताना करायचे होते.

आई-बाप ठाऊक असणं हीच खरी अवघड गोष्ट. अरोवानात नर कोणता, मादी कोणती हे तीन-चार वर्षांपर्यंत कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पुढे नराचा जबडा खोल होतो, डोकं थोडं मोठं वाटतं, मादी अंगाने गोल दिसते. पण हे अंदाज. पक्का पुरावा एकच: ज्याच्या तोंडात एकदा पिल्लं सापडली तो नर, कारण या माशात अंडी आणि पिल्लं तोंडात बाप सांभाळतो. म्हणून संकरासाठी आम्ही असेच नर घेतले ज्यांच्या तोंडातून आधी पिल्लं काढलेली होती आणि ज्यांच्या अंगात बसवलेल्या ओळख-चिपचे क्रमांक वहीत होते. मादीचा पुरावा त्याहून लांबचा. मिश्र तळ्यात मादी अंडी देऊन मोकळी होते, तिच्यावर कसलीच खूण राहत नाही. पिल्लांच्या आणि तळ्यातल्या सगळ्या मोठ्या माशांच्या पराचा कोपरा कापून डीएनए तपासायचा, मग आई सापडते. या माशाच्या डीएनएतल्या त्यासाठी लागणाऱ्या खुणा सिंगापूरच्या संशोधकांनी फार पूर्वीच शोधून ठेवल्या आहेत, त्यामुळे हे काम प्रयोगशाळेत होतं. खर्च मात्र बराच. टोकेला तो पटवायला मला वेळ लागला. शेवटी मी त्यांना वहीचं एक पान दाखवलं, ज्यात सर्वांत सुंदर माशाच्या आईच्या रकान्यात नुसती रेघ होती. "हा मासा पुन्हा हवा असेल तर तळ्यातली कोणती मादी जपायची?" एवढंच विचारलं. त्यांनी त्याच आठवड्यात पैसे दिले.

मग दोन तळी ठरवली. एकात क्रॉसबॅक नर आणि रेड टेल माद्या, दुसऱ्यात उलट. टोकेंना पहिलंच हवं होतं, कारण क्रॉसबॅक मादी संकरात घालवणं म्हणजे तिची शुद्ध पिल्लं त्या काळात बुडाली. मी उलटं तळंही मागितलं. सोनं बापाकडून जास्त येतं की आईकडून, हे दोन्ही बाजूंनी केल्याशिवाय सांगता येत नाही. ते तळं आम्हाला उशिरा आणि लहान मिळालं, पण मिळालं.

तळी मातीचीच. कडेने जस्ताचे पत्रे, वर जाळी, कारण अरोवाना पाण्याबाहेर उडी मारतो. पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी, तापमान अठ्ठावीसच्या आसपास. खायला बर्फातली कोळंबी, लहान मासे, गोळ्या. तळ्याकाठी मोठ्याने बोलायचं नाही, नव्या माणसाला न्यायचं नाही, उगाच जाळं टाकायचं नाही. भोवती उंच भिंत, कुत्री, कॅमेरे, हेही आहेच. पण खरी शिस्त शांततेची. बिथरलेला नर तोंडातली अंडी थुंकतो किंवा गिळून टाकतो.

मग थांबायचं. जोडी जमायला दोन-तीन महिने सहज जातात. रात्री, पाण्याच्या वरच्या थरात, नर मादीच्या मागे फिरतो, नंतर दोघं वर्तुळात, शेवटी काही दिवस अंगाला अंग लावून. टॉर्च लावून बघायचं नसतं, म्हणून यातलं फार थोडं दिसतं. आमच्या देखरेखीचे तमिळ गृहस्थ आहेत, सगळे त्यांना अण्णे म्हणतात. त्यांचं लक्ष खाण्याकडे असतं. रोज येणारा एखादा मासा खायला आला नाही, जबड्याखालची कातडी किंचित फुगलेली दिसली, आणि तो बाकीच्यांपासून दूर कडेला राहू लागला, की अण्णे खडूने फळीवर तारीख टाकतात. त्या तारखेपासून महिनाभर त्या तळ्याला हात लागत नाही.

किती दिवसांनी तोंड उघडायचं, यावर फार्मफार्ममध्ये मतभेद आहेत. अंडी आठवड्याभरात फुटतात, पण पिल्लं पुढे सात-आठ आठवडे बापाच्या तोंडातच राहतात, पोटाला लटकलेला बलक संपेपर्यंत. लवकर काढली तर नर लवकर खायला लागतो आणि पुन्हा जोडीला लागतो, पण कोवळी पिल्लं दगावतात. उशिरा काढली तर पिल्लं धड, पण नर उपाशी राहून वाळतो, आणि काही पिल्लं तळ्यात निसटून मोठ्यांच्या पोटात जातात. आम्ही मधला काळ धरतो.

काढणीची सकाळ मला या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे. पाणी कमरेइतकं खाली आणतात. मग सहा-सातजण तळ्याच्या एका टोकापासून ओढजाळं घेऊन निघतात, आमच्याकडे रापण ओढतात तसं, फक्त आवाज न करता. मासे कोपऱ्यात आले की अण्णे पाण्यात हात घालून एकेकाच्या जबड्याखालून बोटं फिरवतात. भरलेलं तोंड हाताला कळतं. तो मासा जाळीतच, पाण्यातच ठेवून ओल्या सुती कापडात गुंडाळायचा. डोळे झाकले की तो शांत होतो. एकजण शेपूट धरतो, एकजण अंग. मी खाली पाण्याने अर्धा भरलेला टब धरतो. अण्णे अंगठ्याने खालचा ओठ हलकेच खाली ओढतात, मासा तिरका करतात, आणि पिल्लं एकापाठोपाठ एक बाहेर घसरतात. प्रत्येकाच्या पोटाला नारिंगी, पारदर्शक गोळा, त्यावर लाल रक्तवाहिन्यांची जाळी, आणि मागे बारीक शेपटी थरथरत असते. मोठे काळे डोळे आधीच पूर्ण झालेले असतात. शेवटचं एखादं कल्ल्यात अडकलेलं असतं, त्यासाठी तोंडात दोनदा पाणी फिरवतात. मग चिप वाचायचं यंत्र पाठीवर धरायचं, क्रमांक मोठ्याने म्हणायचा, आणि तिसरा माणूस वहीत लिहितो. बापाचं नाव या क्षणी पक्कं होतं. मासा कापडातून सोडला की दोन क्षण जागीच राहतो आणि मग निघून जातो.

एकदा असं झालं की यंत्रावर आलेला क्रमांक माद्यांच्या यादीतला निघाला. माद्यांची निवड काही ठिकाणी अंगावरूनच केलेली होती, त्यातला एक नर होता. म्हणजे त्या पिल्लांचा बाप रेड टेल, आई बहुधा रेड टेलच, संकराशी संबंध नाही. ती पिल्लं वेगळ्या टाकीत गेली आणि संकराच्या वहीत त्यांची नोंद लाल शाईने रद्द झाली. काढणीच्या वेळी चिप वाचण्याचा आग्रह मी का धरतो, ते त्या दिवशी नव्या पोरांना न सांगता कळलं.

टाकीतले पहिले आठवडे स्वच्छतेचे. पिल्लं तळाशी पडून असतात, बलकाच्या ओझ्याने उठता येत नाही. मंद हवा, स्थिर तापमान, मेलेलं पिल्लू लगेच बाहेर. बलक आटत जातो तशी ती तिरकी तिरकी वर उसळायला शिकतात. सात-आठ सेंटीमीटरची होऊन आडवी पोहायला लागली की ब्लडवर्म, नंतर बारीक कोळंबी. त्यानंतर प्रत्येकाला वेगळा कप्पा, कारण भावंडं एकमेकांचे पर आणि मिशा तोडतात. पुरेसं मोठं झालं की पाठीच्या स्नायूत साधारण १२ मिलिमीटरची काचेची चिप जाते. तिथून पुढे मासा आणि क्रमांक यांची ताटातूट होत नाही.

आता निवड. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण पैसा आणि घाई दोन्ही इथेच आडवे येतात.

पहिल्या वर्षी संकराची पिल्लं बघून काही ठरवू नये. सोनं चौथ्या ओळीवर चांगलं बसलेलं असतं, पाचवीच्या काठांवर कुठे कुठे चमक, आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच मागणी करतं. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाचवी ओळ बहुतेकांची भरली, सहावीवर ठिपके आले, आणि पाठ पूर्ण ओलांडणारा मासा पहिल्या पिढीत एकही निघाला नाही. सगळी पिल्लं दोन वाणांच्या मधोमध, थोडी इकडे थोडी तिकडे. दोन तळ्यांतल्या, म्हणजे उलटसुलट केलेल्या संकरांत मला डोळ्यांनी सांगता येईल असा फरक दिसला नाही. सोन्याची उंची एखाद्या जनुकावर ठरत नसून पुष्कळांच्या बेरजेवर ठरते असंच यावरून वाटतं.

दिव्यांचा भाग इथे येतो. या धंद्यात टॅनिंग चालतं: टाकीत प्रखर ट्यूब रोज कित्येक तास लावून रंग चढवणं. लाल माशाला काळी पार्श्वभूमी, क्रॉसबॅकला पांढरी टाकी. रंग खरंच उठतो, आणि शोभेसाठी पाळणाऱ्याने ते करायला माझी हरकत नाही. पण पुढच्या पिढीचे आई-बाप निवडताना टॅन केलेला मासा बघणं म्हणजे दिवा निवडणं. दिवा पिल्लांत उतरत नाही. म्हणून प्रजनक म्हणून ठेवायची पिल्लं आम्ही सारख्या टाक्यांत, सारख्या उजेडात वाढवतो आणि निवड उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात, पांढऱ्या टबात ठेवून करतो. डोळा नुसत्या रंगावर ठेवायचा नाही. डोक्यापासून पाठीपर्यंतची रेषा, कल्ल्याच्या झाकणाचा सपाटपणा, परांचे काटे सरळ आहेत का, मिशा सारख्या लांबीच्या आहेत का, शेपूट पूर्ण उघडते का, पोहताना मान खाली जाते का. खाली झुकलेला डोळा पुष्कळदा टाकीत वाढल्याने येतो, त्याचा दोष मी आई-बापाला देत नाही. वाकडा कणा मात्र लगेच बाद. आखूड अंगाच्या अरोवानाला बाजारात हौशी गिऱ्हाईक आहे, पण कण्याचा दोष विकत घेणारा मिळतो म्हणून तो वाण करायचा, हे मला मुळीच मान्य नाही. आमच्या फार्मवर अशा माशापासून पैदास होत नाही, आणि टोके यावर ठाम आहेत याचा मला अभिमान आहे.

एका घाण्यातून दोन, फार तर तीन मासे ठेवायचे, हा दुसरा नियम. मासा कितीही देखणा असला तरी त्याची सगळी भावंडं प्रजनकांच्या तळ्यात जमली की दोन पिढ्यांत सगळे एकमेकांचे नातेवाईक होतात. बाहेरून नर आणायचे, पण डीएनए बघून. दोन वेगळ्या फार्मवरून घेतलेले मासे जवळचे भाऊ निघू शकतात, कारण सुरुवातीचं बीज थोड्याच ठिकाणांहून सगळीकडे गेलं आहे.

पहिल्या पिढीतले निवडलेले मासे वयात यायला चार वर्षं गेली. पहिल्या काढणीच्या सुमारास जन्मलेली माझी मुलगी तोवर बालवाडीत जायला लागली होती. त्यांची आपापसांत पिल्लं झाली तेव्हा आम्हाला खरं चित्र दिसलं. दुसऱ्या पिढीत पसारा एकदम वाढला. काही पिल्लं थेट रेड टेलवर गेली, चौथ्या ओळीशी थांबली. बहुतेक मधली. आणि थोडी, अगदी थोडी, अशी की तिसऱ्या वर्षी सहावी ओळ भरून सोनं पाठीकडे सरकायला लागलं आणि खालचे पर रेड टेलसारखे तांबडे. हेच हवं होतं. त्यांतला एक मासा टबात ठेवल्यावर टोके कितीतरी वेळ वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "हा विकायचा नाही." मी विचारण्याआधीच ते म्हणाले याचा मला फार आनंद झाला.

तिसरी वाट आम्ही सुरू केली आणि अर्ध्यावर थांबवली. पहिल्या पिढीच्या मादीवर पुन्हा शुद्ध क्रॉसबॅक नर, म्हणजे परतीचा संकर. चारांत तीन हिस्से क्रॉसबॅक असलेली ही पिल्लं सोन्याने इतकी चढली की त्यांतली काही क्रॉसबॅकच्या शेजारी ठेवली तर भल्याभल्यांना ओळखू येणार नाहीत. बाहेरच्या एका घाऊक व्यापाऱ्याने ती बघितली आणि सगळी मागितली, अट एवढीच की कागदावर क्रॉसबॅक लिहायचं. साइटिसच्या दृष्टीने त्यात पकडण्यासारखं काही नसतं. प्रजाती तीच, चिप खरी, फार्म नोंदणीकृत. चिपवरून मासा कोणाचा ते कळतं, त्याच्या आजीबद्दल ती काही सांगत नाही. पण तो मासा घेणारा उद्या त्याला शुद्ध समजून पैदाशीला लावणार, आणि त्याची पिल्लं आणखी कोणाच्या तळ्यात जाणार. बुकित मेराहच्या पाण्यात नैसर्गिक मासा आता दुर्मीळ आहे. त्या वाणाचा जो काही साठा उरला आहे तो मुख्यतः फार्मवरच्या तळ्यांत आहे. तिथे खोटं नाव शिरलं की ते परत बाहेर काढायला कुठलीही नदी उरलेली नाही. एखाद्या दिवशी कोणी हे मासे धरणात पुन्हा सोडायचं ठरवलं, तर ते कुठल्या वहीवर भरवसा ठेवून सोडतील? मी टोकेंना एवढंच म्हटलं. व्यवहार झाला नाही.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. शुद्ध क्रॉसबॅकची तळी फार्मच्या वेगळ्या बाजूला, त्यांची जाळी आणि टब वेगळे, तिथून मासा बाहेर पडला की परत आत जात नाही. संकराच्या प्रत्येक माशाच्या कागदावर हायबॅक, संकर, आणि पिढी कितवी ते. भाव त्यामुळे कमी येतो, हे खरं आहे.

महाराष्ट्रातून मला घरी अरोवानाची पैदास करण्याबद्दल बरेचजण विचारतात. काचेच्या टाकीत हे जमण्याची आशा धरू नये. या माशाला तळं, वर्षांची सवड आणि डझनभर जोडीदारांतून निवडायची मुभा लागते. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात साइटिसमधल्या प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली आहे. आशियाई अरोवाना पाळायचा तर नोंदणी लागते, पैदास करायची तर परवाना, आणि पिल्लं झाली तर तेही कळवावं लागतं. नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. मासा घेताना चिपचा क्रमांक यंत्रावर स्वतः वाचून कागदाशी ताडून बघा, आणि विकणाऱ्याला आई-बाप विचारा. क्रॉसबॅक म्हणून दाखवलेल्या लहान माशाचं सोनं पाचव्या ओळीवर तुटक असेल, तर शुद्ध वाणाची किंमत देऊ नका.

परतीच्या संकराची जी पिल्लं आम्ही ठेवली त्यांना आता तिसरं वर्ष लागेल. दुसऱ्या पिढीतल्या त्या तांबड्या परांच्या माशांतले दोन नर ठरले आहेत, दोन्हींच्या तोंडातून पिल्लं काढून. माद्यांचे नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत. अहवाल आला की दोन्ही नर एका तळ्यात जातील, त्यांच्याशी रक्ताचं नातं नसलेल्या माद्यांबरोबर, आणि वहीत तिसऱ्या पिढीचं पान उघडेल.